गोमुखाला जायचंय? तीन महिने चाला, तीन मुक्काम वाढवा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी दवाखान्यात आले. सोबत काकूही होत्या. गुरुजींचे वय तेव्हा सहासष्ट, काकूंचे साठ. गुरुजींनी खुर्चीवर बसता बसता विषय काढला.

"अरे, एक सर्टिफिकेट पाहिजे. मे महिन्यात आम्ही दोघं उत्तराखंडला चाललोय. गंगोत्रीहून पुढे गोमुखापर्यंत पायी जायचंय. तब्येत ठणठणीत आहे, एवढं लिहून दे."

मी रक्तदाबाचे यंत्र पुढे ओढले, तर म्हणाले, "ते राहू दे. दिवाळीच्या सुट्टीत नातवांबरोबर कळसूबाई चढून आलो. लोखंडी शिड्यांवरसुद्धा कुणाचा हात धरला नाही. मग गोमुखाचं काय घेऊन बसलास?"

मी त्यांच्याकडून सहलीचा कागद मागून घेतला. पहिल्या दिवशी ऋषिकेशहून उत्तरकाशी, दुसऱ्या दिवशी गंगोत्री, तिसऱ्या दिवशी पहाटे निघून चालत भोजबासा आणि चौथ्या दिवशी गोमुख पाहून परत गंगोत्री, असा कार्यक्रम होता. सर्टिफिकेट मी त्या दिवशी लिहिले नाही. गुरुजी थोडे नाराज झाले. का लिहिले नाही, ते त्यांना समजावून सांगितले आणि तेच आज वाचकांनाही सांगावे, असे वाटते. कारण आपल्या भागातून दरवर्षी अनेक मंडळी या वाटेने जातात आणि त्यांतले बरेच जण पन्नाशी ओलांडलेले असतात.

वाट कशी आहे?

गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचे तोंड. भागीरथी तिथूनच बाहेर पडते. हा सारा प्रदेश उत्तरकाशी जिल्ह्यातील गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो. हे उद्यान १९८९ साली झाले. तिथे जाण्यास वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला १५० माणसांनाच तो देण्याची मर्यादा घातलेली आहे. यात्रेसाठी राज्य सरकारकडे नोंदणीही करावी लागते. म्हणून निघण्यापूर्वी दोन्हींची चौकशी करून ठेवावी.

गंगोत्रीहून चीडबासा सुमारे ९ किलोमीटर, तिथून भोजबासा ५ किलोमीटर आणि पुढे गोमुख आणखी ४ किलोमीटरच्या वर. हिमनदी वर्षानुवर्षे मागे सरकत असल्याने जुन्या माणसांनी सांगितलेले अंतर आज तेवढेच राहिलेले नाही. वाट फार खडी नाही, पण डोंगराच्या कुशीत कोरलेली आहे. एका अंगाला उभा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाली भागीरथी. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. ओढ्यांवर लाकडी ओंडक्यांचे साकव असतात. चीडबासा सोडले की झाडी विरळ होते. मग ऊन, वारा आणि वरून सुटणारे दगड यांपासून आडोसा मिळत नाही. वैद्यकीय मदत म्हणाल, तर जिल्ह्याचे रुग्णालय उत्तरकाशीला, म्हणजे गंगोत्रीपासून शंभर किलोमीटरच्या घरात.

कळसूबाई आणि गोमुख

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर नाही. बारी गावातून निघणारा माणूस सुमारे नऊशे मीटर चढतो. गंगोत्री ते भोजबासा ही चढण मात्र सुमारे सातशे मीटरचीच, तीही चौदा किलोमीटरांत पसरलेली. पायांचा हिशेब केला तर गुरुजींचे म्हणणे खरेच होते. कळसूबाई अधिक दमवते.

पण हिशेब फक्त पायांचा नसतो. गंगोत्री सुमारे ३१०० मीटरवर आहे. म्हणजे वाट सुरू होते तेव्हाच आपण कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो. भोजबासा सुमारे ३८०० मीटरवर आणि गोमुख त्याच्याही वर. उंचावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तेच, एकवीस टक्के, राहते. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन घटतो. समुद्रकाठी एका श्वासात १०० भाग मिळतात असे धरले, तर कळसूबाईवर सुमारे ८२, गंगोत्रीला ७० आणि गोमुखाजवळ ६२ भागच मिळतात.

ही तूट भरून काढण्याची सोय शरीरात आहे. श्वास जलद आणि खोल होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातील क्षार बाहेर टाकून त्या जलद श्वासाशी जुळवून घेतात. पुढे काही आठवड्यांनी रक्तातील तांबड्या पेशीही वाढतात. मात्र या कामाला दिवस लागतात. माणूस कितीही काटक असला तरी हे दिवस टळत नाहीत. उलट काटक तरुण भराभर वर जातो आणि आधी आजारी पडतो, असेही पुष्कळदा घडते. पाय घरी तयार करता येतात. श्वास मात्र तिथे जाऊन, मुक्काम करूनच तयार होतो. गुरुजींच्या कागदात नेमके तेच दिवस नव्हते.

आधी तपासणी

जाण्याच्या निदान तीन महिने आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. आदल्या आठवड्यात तपासून उपयोग नाही. कारण काही निघाले तर ते दुरुस्त करायला वेळ उरत नाही. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी एवढे तरी पाहावे. पन्नाशीपुढच्या माणसाला मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा चालताना छातीत दाटून येण्याची तक्रार असेल, तर पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची तपासणीही डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी.

काकूंचे हिमोग्लोबिन निघाले साडेनऊ. बायकांत ते बारापेक्षा कमी असले की रक्तक्षय म्हणतात. आपल्या घरांतील अनेक स्त्रिया याच अवस्थेत वर्षानुवर्षे सारे घर ओढत असतात आणि "वयामुळे थकवा येतो" असे म्हणत राहतात. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे द्रव्यच कमी, त्यात हवा विरळ. अशा शरीराला डोंगर दुप्पट जड जातो. काकूंना लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, जंताचे औषध दिले आणि रक्त कशाने कमी झाले तेही तपासले. तीन महिन्यांत आकडा बाराच्या वर आला.

नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, रक्तदाब काबूत नसलेल्यांनी, दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना विकार बळावलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी ही वाट धरू नये. मधुमेहींनी इन्सुलिन सामानात न ठेवता अंगालगतच्या कपड्यात ठेवावे. ते गोठले तर निकामी होते. नेहमीची औषधे दुप्पट घ्यावीत आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवावीत.

तीन महिन्यांचा सराव

पहिला महिना : आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास सपाटीवर भरभर चालावे. वेग एवढाच असावा की शेजारच्याशी बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही.

दुसरा महिना : आठवड्यातून तीन दिवस गावाजवळची टेकडी किंवा देवळाच्या पायऱ्या चढाव्यात. पाठीवरच्या पिशवीत चार-पाच किलो वजन घ्यावे. पाण्याच्या बाटल्या चालतात. रविवारी दहा-बारा किलोमीटरची एक लांब फेरी करावी.

तिसरा महिना : लागोपाठ दोन दिवस चौदा-पंधरा किलोमीटर चालून पाहावे. पहिल्या दिवशी कोणीही चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे काय म्हणतात, ते महत्त्वाचे. शेवटचा आठवडा हलके चालून अंगाला विश्रांती द्यावी.

याखेरीज घरच्या घरी रोज दहा मिनिटांचे तीन व्यायाम करावेत. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे आणि पायरीवरून एक पाय अगदी सावकाश खाली टेकवणे. शेवटचा व्यायाम उतरणीसाठी आहे. चढताना दम लागतो, पण माणूस पडतो तो बहुधा उतरताना, मांड्या थकल्यावर.

कड्यावरून चालताना

एका बाजूला खोल दरी असली की चांगल्या धट्ट्याकट्ट्या माणसाचेही पाय लटपटतात. यात लाजण्यासारखे काही नाही. पण ही भीती घरीच ओळखून ठेवावी. दात घासताना एका पायावर तीस सेकंद उभे राहावे. आधी डावा, मग उजवा. गच्चीवर खडूने रेघ ओढून त्यावरून पिशवी घेऊन चालावे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा एखाद्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर जावे. तिथे घेरी येत असेल किंवा पाय उचलतच नसेल, तर तसे सोबतच्या मंडळींना सांगावे आणि गोमुखाचा हट्ट सोडावा. गंगोत्रीचे दर्शन त्यामुळे कमी होत नाही.

प्रत्यक्ष वाटेवर नजर पुढच्या चार पावलांवर ठेवावी, दरीत नाही. पावले छोटी टाकावीत. हातात काठी असावी. समोरून खेचर किंवा माणसांचा घोळका आला तर नेहमी डोंगराच्या अंगाला उभे राहावे, दरीच्या अंगाला कधीही नाही. बघायचे किंवा फोटो काढायचे असेल तर आधी थांबावे, मग बघावे. चालता चालता दोन्ही करू नये.

चीडबासा ते भोजबासा या टप्प्यात वरून दगड येण्याची भीती असते. वरच्या उतारावर चरणाऱ्या भरलांच्या, म्हणजे डोंगरी मेंढ्यांच्या, पायांनीही ते सुटतात. ऊन चढले आणि वारा सुटला की धोका वाढतो. म्हणून पहाटे लवकर निघावे, वाटाड्या सांगेल तिथे न थांबता, अंतर ठेवून एकेकट्याने पुढे सरकावे आणि विश्रांती त्या टप्प्याच्या पलीकडे घ्यावी. गोमुखाच्या बर्फाच्या भिंतीजवळ तर जाऊच नये. तिच्यातून मोठाले तुकडे केव्हाही कोसळतात. दुरून दर्शन घ्यावे.

मुक्काम वाढवा

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा झोपण्याचा मुक्काम आदल्या दिवसापेक्षा पाचशे मीटरहून अधिक उंच नसावा, असा साधा नियम आहे. गंगोत्री ते भोजबासा हीच उडी सातशे मीटरची आहे. ती पचवायची तर खाली दिवस वाढवावे लागतात. मी गुरुजींच्या कागदावर तीन मुक्काम वाढवून लिहिले. उत्तरकाशीनंतर थेट गंगोत्री न गाठता अडीच हजार मीटरच्या वर असलेल्या हर्षिलला दोन रात्री. गंगोत्रीला एकीऐवजी दोन रात्री. आणि परतीच्या बाजूला एक रिकामा दिवस. हा रिकामा दिवस दरड कोसळली, पाऊस आला किंवा कोणी आजारी पडले तर उपयोगी येतो. गंगोत्रीच्या रिकाम्या दिवशी खोलीत लोळू नये. थोडे वर चालून जावे आणि झोपायला खाली यावे.

काळही नीट निवडावा. गंगोत्रीचे देऊळ अक्षय्य तृतीयेला उघडते आणि दिवाळीत बंद होते. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींचा धोका मोठा. ५ ऑगस्ट २०२५ रोजी याच रस्त्यावरील धराली गावात पाण्या-चिखलाचा लोंढा येऊन घरे गाडली गेली. मे-जून किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध हे दिवस त्या मानाने बरे. तरी हवामानाचा भरवसा धरू नये. २०२४ च्या जूनच्या आरंभी सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेला बावीस जणांचा गट हिमवादळात सापडला आणि त्यातील नऊ जण दगावले. ऐन उन्हाळ्यातली ही गोष्ट.

डोके दुखू लागले तर

उंचीवर पोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागले, मळमळले, भूक मेली, चक्कर आली, झोप लागेना, तर तो उंचीचाच आजार समजावा. "ऊन लागले", "पित्त झाले" अशी समजूत घालून घेऊ नये. अशा वेळी तीन गोष्टी पाळाव्यात. एक, त्रास थांबेपर्यंत वर चढायचे नाही. दोन, त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचे, रात्र असली तरी सोबत घेऊन. तीन, आजारी माणसाला एकटे सोडायचे नाही आणि एकटे परतही पाठवायचे नाही.

दोन लक्षणे जिवावरची आहेत. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देऊ लागला, असंबद्ध बोलू लागला, तर मेंदूला सूज येत आहे. सरळ रेषेत टाचेला चवडा लावून त्याला दहा पावले चालायला सांगावे; जमले नाही तर वाट पाहू नये. आणि बसल्या जागीही धाप लागत असेल, खोकला येत असेल, थुंकीत फेस किंवा गुलाबी छटा दिसत असेल, तर फुप्फुसांत पाणी भरत आहे. दोन्हींवर पहिले औषध एकच, खाली उतरणे. ऑक्सिजन मिळाला तर द्यावा, पण उतरणे थांबवू नये.

कापराची वडी हुंगल्याने वास येतो, ऑक्सिजन वाढत नाही. बाजारातला ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांचा सोबती. करोनाच्या साथीपासून घरोघरी आलेले बोटाचे ऑक्सिमीटर जवळ असावे, पण थंड बोटावर ते चुकते; आकडा बरा आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. उंचीच्या आजाराची शक्यता कमी करणारी ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी मिळते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर तसे सांगावे. दारू, विडी-सिगारेट आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य.

खाणे, कपडे आणि स्नान

चालण्याच्या दिवशी उपास करू नये. देव रागावणार नाही. एकदम पोटभर न खाता दर तासा-दीड तासाने थोडे थोडे खावे. शेंगदाण्याची चिक्की, गूळ-फुटाणे, खजूर, राजगिऱ्याची वडी ही आपली शिदोरी तिथेही उत्तम. तहान लागली नाही तरी दिवसाला तीन लिटर पाणी पोटात जावे. त्यातले लिटरभर मीठ-साखरेचे असावे. रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी याबाबत डॉक्टरांना विचारून घ्यावे.

अंगालगत सुती बनियन नको. तो घामाने भिजला की वाळत नाही आणि अंग गार पडते. आत लवकर वाळणारा कपडा, त्यावर लोकर, सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. कानटोपी, हातमोजे, दोन जोड लोकरी मोजे आणि काळा चष्मा हवा, कारण उंचीवर उन्हाचे अतिनील किरण तीव्र असतात. बूट घोट्यापर्यंतचे, नक्षीदार तळाचे आणि तीन महिने सरावात वापरलेले असावेत. नव्या बुटांनी भोजबासा गाठलेल्या माणसाच्या टाचांचे फोड मी पाहिले आहेत.

भागीरथीत बुडी मारण्याचा मोह अनेकांना होतो. ते पाणी नुकतेच वितळलेले बर्फ असते. एकदम बुडी मारल्यास श्वास अडकतो, रक्तदाब उसळतो आणि हृदय कमजोर असलेल्यास ते जिवावर बेतू शकते. ओंजळभर पाणी डोक्यावर शिंपडावे.

मागे फिरण्याची तयारी

सरावाइतकीच ही तयारी महत्त्वाची, आणि ती निघण्यापूर्वी घरीच करावी. किती वाजता मागे फिरायचे, कोणाला त्रास झाला तर सोबत कोण उतरणार, हे आधी ठरवून सर्वांनी मान्य करावे. डोंगरावर गेल्यावर ते ठरत नाही. तिथे प्रत्येकाला वाटते, एवढे आलो आहोत, आता थोडक्यासाठी कशाला?

गुरुजींनी मे महिन्याचा बेत रद्द केला. सप्टेंबरअखेर, वाढवलेल्या मुक्कामांनिशी दोघे गेले. परत आल्यावर पुन्हा एका संध्याकाळी दवाखान्यात आले. मी विचारले, "काय गुरुजी, झालं गोमुख?"

"नाही झालं," ते म्हणाले. "भोजबासापर्यंत छान चाललो. रात्री हिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी दोनदा उलटी झाली. तू सांगितलेलं रेघेवरचं चालणं करून पाहिलं, ते नीट जमलं. पण डोकं काही थांबेना. गोमुख तिथून दोन तासांवर. सोबतचे म्हणाले, काकूंना इथे झोपू दे, तुम्ही जाऊन या."

"मग?"

"मग काय? ठरलं होतं ना आपलं. दोघंही उतरलो. चीडबासाला पोचेपर्यंत हिचं डोकं निम्मं उतरलं, गंगोत्रीला हिनं खिचडी मागून खाल्ली."

काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्यामुळे यांचं राहिलं." गुरुजी काही बोलले नाहीत. पिशवीतून त्यांनी गंगोत्रीच्या पाण्याची छोटी बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

वाचकहो, ती डोकेदुखी पुढे बळावली असती की आपोआप थांबली असती, हे मला सांगता येणार नाही. भोजबासाला बसून कोणालाच सांगता आले नसते. म्हणूनच नियम आधी करायचा आणि पाळायचा असतो. उन्हाळ्यात ज्यांना जायचे आहे, त्यांनी आजच डॉक्टरांना भेटावे, उद्या सकाळी चालायला लागावे आणि सहलीचा कागद काढून त्यात मुक्काम किती आहेत ते मोजावे. कमी असतील तर बेत बदलावा. पुढच्या वर्षीही देऊळ अक्षय्य तृतीयेला उघडणारच आहे.